सावध असणं आणि भिऊन असणं



शाळेच्या मैदानावर कवायतीचे सर ‘सावधान’ म्हणतात तेव्हा मुलं घाबरत नाहीत. टाचा जुळतात, माना सरळ होतात, नजर समोर जाते. लग्नाच्या मांडवात मंगलाष्टकं संपत आली आणि भटजींनी ‘सावधान’ म्हटलं, तरी कुणी दचकत नाही. अक्षतांची मूठ तेवढी घट्ट होते. हाच शब्द अजिंठ्याच्या घाटात वळणावरच्या पाटीवर दिसला, की मात्र मनात आधी धोका येतो. आजच्या बोलण्यात पाटीवरचा अर्थ उरला आणि मैदानावरचा, मांडवातला अर्थ मागे पडला. त्याने आपलं नुकसान झालं आहे, असं मला वाटतं. म्हणून या एका शब्दावर बोलायला उभा आहे.

सावधान म्हणजे अवधानासह. अवधान म्हणजे लक्ष. या शब्दात भीती कुठेच नाही. जुन्या पोथ्यांत कुणी मूर्च्छित पडला, तोंडावर पाणी मारल्यावर त्याने डोळे उघडले, की तो ‘सावध झाला’ असं लिहिलेलं असतं. सावध म्हणजे शुद्धीवर असलेला. बेसावध म्हणजे शुद्ध हरपलेला, मग डोळे उघडे का असेनात! लग्नातल्या ‘सावधान’लाही असंच कारण आहे. पूर्वी मुहूर्त घटिकापात्रावर धरत. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे 24 मिनिटं झाली. वाटी बुडण्याचा क्षण नजरेतून सुटला तर मुहूर्त सुटला. ‘सावधान’ म्हणजे तो क्षण जवळ आला आहे, लक्ष द्या.

हाच शब्द ऐकून जांबेच्या नारायण ठोसरांनी मांडव सोडला आणि पुढे ते समर्थ रामदास झाले, असं परंपरा सांगते. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पण ती सांगताना आपण पळण्यावर भर देतो. समर्थांनी पुढे दासबोधात या गुणाला कुठे बसवलं, ते पाहा. आधी हरिकथा, मग राजकारण, तिसरं सावधपण आणि त्याला लागूनच चौथा साक्षेप, म्हणजे कसून केलेला उद्योग. सावधपणाच्या शेजारी त्यांनी माघार ठेवली नाही, उद्योग ठेवला. ज्याला काही करायचं आहे, त्यालाच सावध राहावं लागतं. घरात दार लावून बसलेल्याला सावधपणाची गरज ती काय!

आता जी घटना सांगणार आहे, ती आपल्या जळगाव जिल्ह्यातली आहे. पाचोरा म्हणजे आपल्या जामनेरहून पूर्वी धावणाऱ्या ‘पीजे’ गाडीचं दुसरं टोक. त्या पाचोरा तालुक्यात परधाडे स्टेशनाजवळ 22 जानेवारी 2025 रोजी लखनौहून मुंबईला निघालेली पुष्पक एक्सप्रेस थांबली. डब्यात आग लागल्याची आवई उठली होती, साखळी ओढली गेली होती. माणसं भराभर खाली उतरली, काहींनी उड्या टाकल्या, आणि त्यातली बरीच शेजारच्या रुळांवर आली. त्याच रुळांवरून समोरून कर्नाटक एक्सप्रेस आली. किमान 12 जण गेले. त्यांत पोटासाठी मुंबईला निघालेले उत्तर भारतातले लोक होते, नेपाळचे नागरिक होते. आग लागलेलीच नव्हती.

त्या प्रवाशांना दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. गच्च भरलेल्या डब्यात ‘आग’ हा शब्द ऐकू आला, तर तुम्ही-आम्ही वेगळं काय केलं असतं? मला बोलायचं आहे ते इशाऱ्याबद्दल. ‘पळा’ असा इशारा होता. ‘कोणत्या बाजूला, आणि आधी काय बघायचं’ हे त्यात नव्हतं. दुहेरी मार्गावर गाडी अडली, तर शेजारच्या रुळांच्या बाजूला उतरायचं नाही, दुसऱ्या बाजूने उतरायचं, हे रेल्वेत नोकरी केलेल्या घरातल्या पोरालाही ठाऊक असतं. भुसावळला तर अशी घरं गल्लोगल्ली आहेत. पण इतरांना ते कुणी कधी सांगितलं? भीती माणसाची नजर एकाच ठिकाणी खिळवून ठेवते. अवधान ती चहूकडे फिरवतं. त्या संध्याकाळी धोका डब्यात नव्हता, शेजारच्या रुळावर होता.

दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, ही म्हण आपण सावध माणसाबद्दल वापरतो. मला वाटतं, ती बेसावध माणसाची म्हण आहे. त्याचं सगळं लक्ष कालच्या दुधाकडे आहे. हातातलं ताक त्याने पाहिलेलंच नाही. ‘सावधान’ या शब्दाची भावंडंही हेच सांगतात. ‘खबरदार’ आपण आता दमदाटीला वापरतो, पण फारसीतून आलेल्या त्या शब्दाचा मूळ अर्थ ज्याच्याकडे खबर आहे तो. ‘दक्ष’ म्हणजे मुळात कुशल, कामात तरबेज. यांतला एकही शब्द माणसाला मागे खेचत नाही.

आता शेतशिवारात येऊ. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याइतकी उंच वाढली होती, हवा दमट होती, दोन-तीन औषधं एकत्र कालवून मारली जात होती, अंगावर साध्या सदऱ्याखेरीज काही नव्हतं. औषधाच्या डब्यासोबत इशारा नव्हता का? होता. बारीक अक्षरांत, घडी घातलेल्या कागदावर, अनेक भाषांत होता. फवारणाऱ्या मजुराच्या हातात तो कागद बहुधा पडतच नाही; डबा मालकाने फोडलेला असतो, औषध पाण्यात कालवलेलं असतं, मजुराच्या पाठीवर फक्त पंप येतो.

म्हणून एक गोष्ट सगळ्यांना माहीत हवी. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल विष, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. अक्षर न वाचता येणाऱ्या माणसालाही हा इशारा कळावा, म्हणून तो रंगात दिला आहे. ज्याच्या पाठीवर पंप चढवणार, त्याला आधी तो रंग दाखवायचा. वारा कुठून वाहतो ते पाहून, वारा पाठीवर घेऊन चालायचं. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकायचं नाही. मळमळ, घाम, अंधूक दिसणं यातलं काही सुरू झालं, तर ‘उन्हाने झालं असेल’ म्हणून झाडाखाली पडून राहायचं नाही. थेट दवाखाना गाठायचा आणि डबा सोबत न्यायचा, कारण कोणतं विष आहे हे कळल्याशिवाय डॉक्टरांना नेमका उतारा देता येत नाही. ‘काळजी घ्या’ एवढं म्हणून आपण मोकळे होतो. कशाची काळजी, कुठे बघून, हे सांगितलं नाही तर तो इशारा मजुराच्या काहीच कामाचा नाही.

त्याच 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने राज्यभर कपाशी पोखरली. त्यानंतर कृषी खातं सांगू लागलं, की 1 जूनच्या आत कपाशी लावू नका. आपल्याकडे विहीर आहे, ठिबक आहे, मे महिन्यात लागवड करायची जुनी सवय आहे, त्यामुळे हा नियम कित्येकांना जाच वाटतो. त्यामागचं कारण मात्र साधं आहे. जमिनीत, पऱ्हाटीत दडलेल्या कोषांतून पतंग बाहेर पडतात, तेव्हा त्यांना अंडी घालायला पात्या-फुलं मिळाली नाहीत, तर ते थोड्याच दिवसांत मरतात. लवकर लावलेली कपाशी नेमकी तेव्हाच पात्यांवर येते. बांधापलीकडच्या एकाने लवकर लावली, तरी पतंगाची सोय होते. तेव्हा हा सावधपणा एकट्याने पाळून भागत नाही, अख्ख्या शिवाराने पाळावा लागतो. फरदडीचंही तसंच: दोन वेचण्या जास्तीच्या मिळतील म्हणून उभी ठेवलेली कपाशी पुढच्या हंगामाची अळी पोसते.

पण बोंडअळीला घाबरून पहिल्या पातीपासून आठवड्याला एक फवारा, हेही सावधपण नव्हे. त्यात पैसा जातो, मित्रकिडी मरतात, आणि मघाशी सांगितलेलं विष मजुराच्या अंगावर पडतं. त्याऐवजी हेक्टरी पाच कामगंध सापळे लावा. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले, तर फवारणीचा विचार करा. फुलं लागल्यावर सकाळी शेतातून तिरपं चालत जा, शंभर फुलं पाहा, त्यांत डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे न उमलता मिटून राहिलेली फुलं, किती आहेत ते मोजा. दहाच्या वर गेल्या तर औषध मारा. पुढे हिरवी बोंडं धरली की वीस बोंडं तोडून फोडून पाहा. दोनांत जिवंत अळी निघाली तर तसंच. मोजायला पोरांना सोबत न्या. डोमकळी कशी दिसते ते त्यांना नुसत्या पुस्तकातून कळणार नाही. झाडावर दाखवावी लागेल.