पावसाचा दिवस आणि घरातली मुले

(आषाढातल्या एका संध्याकाळी, गावच्या चावडीत केलेले भाषण)



आज दिवसभर पाऊस कोसळतो आहे. तरी तुम्ही आलात. कोणी इरले घेऊन आले, कोणी प्लास्टिकचा कागद पांघरून आले. दमला असाल. म्हणून थोडक्यात बोलते.

सध्या भाताच्या लावणीचे दिवस आहेत. तुम्ही सकाळीच शेतात जाता. दिवसभर वाकून चिखलात रोपे लावता. घरी राहते म्हातारी आणि पोरं. वाटेत पाणी आले की शाळाही बुडते. मग पोरं घरात कोंडून बसतात. भांडतात, रडतात, चुलीपाशी धिंगाणा घालतात. आपण दमून घरी येतो आणि वैतागून म्हणतो, "जा, बाहेर मरा!" म्हणतो की नाही? पण हा शब्द फार वाईट आहे. का, ते सांगते.

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. धाकटा भाऊ सहा वर्षांचा. असाच आषाढ होता. चार दिवस ऊन दिसले नव्हते. आई आणि दादा लावणीला गेले होते. आजी शेजारी गेली होती. भावाने पिठाचा डबा सांडला. मी चिडले आणि म्हणाले, "घराबाहेर हो!"

तो गेला. कागदाची होडी घेऊन थेट ओढ्यावर गेला. होडी साकवाखाली अडकली. ती काढायला तो वाकला आणि त्याचा पाय निसटला. नशीब, खालच्या अंगाला एक गुराखी होता. त्याने सदरा धरून भावाला बाहेर ओढले.

संध्याकाळी दादांनी काठी उचलली. तेव्हा आजी मध्ये पडली. म्हणाली, "मारून काय होणार? दिवसभर पोराच्या हाताला काही दिलंत का? रिकामा हात ओढ्याकडेच जाणार."

दादांनी काठी खाली ठेवली. आजीने फडताळातून चिंचोक्यांची पुरचुंडी काढली.

मंडळी, आजीचे ते बोलणे मी विसरले नाही. मुलाला गप्प बसवू नका. त्याच्या हाताला खेळ द्या. त्याला पैसे लागत नाहीत.

पहिला खेळ चल्लसआठ. तुमच्यापैकी पुष्कळांना तो येतो. दोन चिंचोके मधोमध फोडा. चार फाका होतील. एक बाजू काळी, एक पांढरी. जमिनीवर खडूने पाच आडवी आणि पाच उभी घरे आखा. मधल्या घरात फुली काढा. चारही कडांच्या मधल्या घरातही फुली काढा. फाका टाका. जितक्या पांढऱ्या, तितकी घरे पुढे. चारही पांढऱ्या पडल्या तर चार. चारही काळ्या पडल्या तर आठ. सोंगटी मधल्या घरात पोचली की जिंकली. फुलीच्या घरात बसलेल्याला कोणी मारायचे नाही. या खेळात मूल मोजायला शिकते. हरायलाही शिकते.

दुसरा खेळ सागरगोट्यांचा. सागरगोटे नसतील तर गुळगुळीत खडे घ्या. एक वर उडवायचा. तो खाली येण्याआधी जमिनीवरचा उचलायचा आणि वरचा झेलायचा. हा खेळ फक्त मुलींचा असे म्हणू नका. मुलग्यांनाही द्या.

तिसरा खेळ मातीचा. पावसात मातीला काय तोटा? बेंदूर आणि पोळा याच दिवसांत येतात. मुलांना मातीचे बैल करू द्या. बैल वाकडा झाला तरी नावे ठेवू नका. फक्त खेळ झाल्यावर साबणाने हात धुवायला लावा.

चौथा खेळ कोड्यांचा. याला तर काहीच लागत नाही. तुम्ही चुलीपाशी बसून भाकरी थापता थापता कोडे घाला. एका मुलीने मला कोडे घातले होते. "डोक्यावर घर घेऊन शेतात जाते, पण गोगलगाय नाही. कोण?" मी हरले. ती म्हणाली, "इरलं घेतलेली माझी आई!" सहा वर्षांच्या पोरीचे हे डोके बघा.

पाचवा खेळ मोठ्या मुलांसाठी. सरळ बाजूंचा एक रिकामा डबा अंगणात उघड्यावर ठेवा. झाडाखाली नको, पागोळ्यांखाली नको. रोज सकाळी मुलाने पट्टीने आतले पाणी मोजावे, भिंतीवर लिहावे आणि डबा रिकामा करावा. एक गुंठ्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे सुमारे १०० लिटर पाणी पडले. हा हिशेब पोराने तुम्हाला सांगितला तर तुम्हालाही नवल वाटेल.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची नावे तुम्ही ऐकली असतील. १९४५ साली त्यांनी आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी गावी लहान मुलांसाठी काम सुरू केले. विकतची महाग साधने गरिबांना कुठून परवडणार? म्हणून त्यांनी पाने, बिया, शिंपले, खडे हीच साधने केली. ती आपल्याही दारात आहेत.

काही म्हणतील, "बाई, मोबाइल दिला की पोर गप्प बसते." बसते खरे. पण २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले आहे, की दोन वर्षांच्या आतल्या मुलाला मोबाइलचा पडदा दाखवू नये. दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसात एका तासाहून जास्त नको, कमी तितके चांगले.

आता चार गोष्टी ध्यानात ठेवा. अगदी लहान मुलाजवळ चिंचोके, खडे ठेवू नका. ते तोंडात किंवा नाकात घालते. गुडघाभर वाहते पाणीही मोठ्या माणसाचा पाय उचलते, म्हणून ओढ्यावर एकट्याने जाऊ देऊ नका. वीज कडाडत असेल तर झाडाखाली थांबू नये, हे मुलांना शिकवा. लाकडांच्या ढिगात हात घालू देऊ नका. पावसात तिथे साप, विंचू आसरा घेतात.

तुम्ही म्हणाल, "आम्हाला वेळ कुठे आहे?" दिवसभर बसायला मी सांगत नाही. रात्री जेवण झाल्यावर अर्धा तास द्या. बापानेही द्यावा. एकदा खेळ शिकवला की दुसऱ्या दिवशी मुले आपली आपण खेळतात. आजीला नुसती नजर ठेवावी लागते.

आणि शेवटचे सांगते. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. हे पुस्तक घरी न्या. मुलाला जवळ घेऊन एक पान मोठ्याने वाचा. अडखळलात तर मूल हसेल. हसू द्या. कदाचित तेच पुढचा शब्द सांगेल. आई आणि लेक एका दिव्याखाली एकच पान वाचतात, याहून चांगला खेळ कोणता?

माझा भाऊ आता साठीला आला आहे. पावसाची झड लागली की नातवंडांना घेऊन चल्लसआठ मांडतो. ओढा आजही त्याच्या घरामागूनच वाहतो. पण पोरं घरात असतात.

आज घरी गेल्यावर दोन चिंचोके शोधा. एवढेच माझे मागणे आहे.