फाईल उशिरा का उघडते?

(संगणक वापरणारे कर्मचारी, शिक्षक व ग्रामस्थ यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मामलेदार कचेरीत जमिनीचा नमुना १ व १४ मागावयास आलेला शेतकरी खिडकीपाशी तिष्ठत असतो. "लाइन संथ आहे," असे त्यास सांगण्यात येते. पुढे अधिक वेगाच्या लाइनीचा प्रस्ताव जातो, खर्च मंजूर होतो, नवी लाइन येते. आणि तरीही फाईल पूर्वीइतक्याच वेळाने उघडते. असे का घडते, याचा आज विचार करावयाचा आहे.

जाळ्यातून कोणतीही फाईल अखंड जात नाही. तिचे तुकडे पाडून, प्रत्येकावर पत्ता घालून ते रवाना केले जातात. या तुकड्यास पॅकेट म्हणतात. सामान्य इथरनेट जाळ्यात पॅकेटाची मर्यादा १५०० बाइट असते. त्यांतील सुमारे ४० बाइट पत्त्यात व हिशेबात जातात आणि १४६० बाइट माल उरतो. हीच मर्यादा कोणी ५७६ वर आणून ठेवली, तर माल ५३६ बाइटच उरतो आणि पॅकेटांची संख्या जवळजवळ पावणेतीनपट होते. एका अक्षरासाठी ४१ बाइटांचे पॅकेट धाडण्यातील अपव्यय जॉन नेगल यांनी १९८४ सालीच दाखवून दिला होता.

परंतु याहूनही मोठा वेळ प्रतीक्षेत जातो. आपली फेरीबोट पाहा. एक उतारू असो वा पन्नास, पैलतीरी जाऊन परत येण्यास तिला सारखाच वेळ लागतो. दर फेरीस एकच उतारू घेतला, तर धक्का कितीही रुंद केला तरी रांग हटणार नाही.

आता हिशेब मांडू. १ एमबीची, म्हणजे १०,४८,५७६ बाइटांची फाईल आहे. संगणक एका वेळी ५१२ बाइट मागतो आणि ते आल्यावाचून पुढची मागणी करीत नाही. म्हणजे २०४८ फेऱ्या झाल्या. एका फेरीस २० मिलिसेकंद धरले, तर सुमारे ४१ सेकंद होतात. तीच मागणी ६५,५३६ बाइटांची केली, तर फेऱ्या १६ आणि प्रतीक्षा सेकंदाच्या एक तृतीयांशाहूनही कमी. लाइन तीच, फाईलही तीच!

म्हणून प्रस्ताव धाडण्यापूर्वी पुढील तपासणी करावी.

पहिली : फाईल आपल्याच संगणकात उतरवून घेऊन उघडावी. तेथेही ती उशिरा उघडली, तर दोष जाळ्याचा नव्हे.

दुसरी : 'पिंग' आज्ञेने एका फेरीस किती वेळ लागतो आणि वाटेत पॅकेटे गहाळ होतात काय, हे पाहावे.

तिसरी : तुकडे न पाडण्याची अट घालून १४७२ बाइटांचे पिंग पाठवावे. ते न गेल्यास आकडा कमी करीत जावे. जो आकडा पार जाईल, त्यात २८ मिळवले की त्या वाटेची खरी मर्यादा कळते.

चौथी : कार्यक्रम एका वेळी किती बाइट मागतो, हे पुरवठादारास लेखी विचारावे. फाईल वाटून देण्याची जुनी पद्धत चालू असल्यास नवी वापरावी.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. पॅकेट मोठे तितके चांगले, असा समज करून घेऊ नये. ९००० बाइटांची पॅकेटे वाटेतील प्रत्येक यंत्रास पेलत असतील तरच वापरावीत. अन्यथा लहान मजकूर येतो आणि मोठी फाईल अर्ध्यावर अडकते. एका वेळी एकच बदल करावा, आणि बदलापूर्वीचा व नंतरचा वेळ नोंदवहीत लिहून ठेवावा. शाळांतील शिक्षकांनी हा प्रयोग विद्यार्थ्यांकडून अवश्य करवून घ्यावा. भागाकार येणाऱ्या कोणत्याही मुलास तो समजेल.

सार्वजनिक पैसा लाइनीच्या रुंदीवर खर्च करण्याआधी फेऱ्यांची संख्या मोजावी, एवढीच माझी विनंती आहे.