आफ्रिका : आफ्रिकनांच्या तोंडून



मेहकरहून सिंदखेडराजाकडे निघालात की वाटेत सुलतानपूर लागते. लोणारचा फाटा तिथूनच फुटतो. ते माझे गाव. मागे एकदा तिथल्या एका शाळेत मुलांशी चार शब्द बोलायला गेलो होतो. सहज विचारले, "आफ्रिका म्हटलं की तुम्हांला काय आठवतं?" उत्तरे पटापट आली. सिंह. वाळवंट. उपासमार. लढाया. मग मागच्या बाकावरचा एक पोरगा उठून म्हणाला, "सर, तिकडं लोकं खातेत काय?"

सारा वर्ग हसला. मी म्हटले, "तुझ्या डब्यात आज काय आहे?"

"ज्वारीची भाकर अन् चवळीची उसळ."

आता गंमत बघा. ज्वारी मूळची आफ्रिकेची, सुदानच्या बाजूची. बाजरी पश्चिम आफ्रिकेतली. चवळीही तिकडचीच, आणि जिच्या सावलीत आपण एस. टी.ची वाट बघत बसतो ती चिंचसुद्धा. हजारो वर्षांपूर्वी ही सारी मंडळी इकडे आली आणि इतकी घरची झाली, की त्यांचे माहेर आपण विसरून गेलो. सुदानात आजही ज्वारीचे पीठ आंबवून पातळ पोळी करतात, तिला किस्रा म्हणतात. इथिओपियात टेफ नावाच्या बारीक दाण्याची इंजेरा करतात, ती तर आपल्या आंबोळीची बहीणच. म्हणजे त्या पोराच्या प्रश्नाचे उत्तर त्याच्याच डब्यात होते.

त्या वर्गाला मात्र मी नावे ठेवणार नाही. एम. ए.ला असताना मी बाहेरगावी राहत होतो. बुलढाण्याचा आहे असे सांगितले, की समोरचा चेहरा पाडून म्हणे, "अरेरे, शेतकरी आत्महत्या करतात तोच ना तुमचा जिल्हा?" ते खोटे नव्हते. पण माझ्या गावात रात्री भजन रंगते, दोन भाऊ बांधावरून भांडतात आणि पोळ्याला एकत्र जेवतात, कुणी कर्ज काढून नवे दुकान टाकतो, हे त्याला ठाऊकच नसे आणि तो विचारीतही नसे. आपल्याबद्दल दुसऱ्याने बोलायचे आणि आपण मान खाली घालून ऐकायचे, हा अनुभव ज्याला आहे त्याला आफ्रिकेचे दुखणे लवकर कळेल. म्हणून आज आफ्रिकेविषयी माझे मत बाजूला ठेवतो. तिकडचे लेखक आणि उद्योजक आपल्या भूमीबद्दल काय म्हणतात, ते सांगतो.

आपल्या मुलखाने एक मोठा आफ्रिकन जवळून पाहिला आहे. मलिक अंबर. सुमारे 1548 साली इथिओपियात, म्हणजे जुन्या भाषेत हबसाणात, जन्मलेला हा मुलगा. त्याचे मूळ नाव चापू. गुलाम म्हणून विकला गेला, बगदादमार्गे दख्खनेत आला आणि पुढे निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. सिंदखेडचे लखुजी जाधव काही काळ याच निजामशाहीचे सरदार. अंबराने 1610 साली खडकी हे शहर वसवले, त्याला नहरीचे पाणी दिले आणि जमिनीचा मगदूर पाहून सारा ठरवण्याची पद्धत घालून दिली. त्या खडकीचे पुढे औरंगाबाद झाले आणि 2023 साली छत्रपती संभाजीनगर. जहांगीर बादशहाला हा माणूस जन्मभर आटोपला नाही. तेव्हा बादशहाने काय केले? भाल्यावर खोचलेल्या अंबराच्या मुंडक्यावर आपण बाण सोडत आहोत, असे चित्र काढवून घेतले! आत्मचरित्रातही त्याला काळ्या तोंडाचा म्हणून शिव्या दिल्या. अंबराने स्वतःची हकीकत लिहून ठेवली नाही. त्यामुळे आईच्या घरचे दार कोणत्या दिशेला होते, हे सांगायला तोच एक होता, आणि तो 1626 साली वारला.

आजचा आफ्रिकन गप्प नाही. नायजेरियाच्या लेखिका चिमामांडा न्गोझी अदिची यांनी 2009 साली एका व्याख्यानात आपलीच चूक सांगितली. त्यांचे वडील प्राध्यापक. घरकामाला खेड्यातला एक मुलगा होता. आई सारखी म्हणायची, त्याचे लोक फार गरीब आहेत. एकदा ही मंडळी त्याच्या गावी गेली. तिथे त्याच्या आईने रंगीत वाखाची एक सुरेख टोपली दाखवली, त्याच्या भावाने विणलेली. अदिची चकितच झाल्या. या घरात कुणाच्या हातात कला असेल, हे त्यांच्या मनातच आले नव्हते. गरिबी तेवढी ऐकलेली, म्हणून गरिबीच तेवढी दिसत होती. पुढे त्या अमेरिकेत शिकायला गेल्या, तेव्हा तिथल्या सोबतिणीने त्यांच्याकडे याच नजरेने पाहिले. शिक्षक मित्रांनो, ही टोपली माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. वर्गात पोराच्या फाटक्या सदऱ्याकडे आपले लक्ष जाते. तो घरी काय विणतो, काय वाजवतो, हे आपण कितीदा विचारतो?

आता केनियाच्या न्गुगी वा थिओंगो यांच्याकडे वळू. 1938 साली जन्मलेला हा लेखक 28 मे 2025 रोजी गेला. त्यांच्या लहानपणी शाळेच्या आवारात कुणी गिकुयू, म्हणजे आईची भाषा, बोलताना सापडला तर छड्या बसत, किंवा आपण मूर्ख आहोत अशी पाटी गळ्यात अडकवली जाई. गुन्हेगार पकडण्याची रीत अशी : सकाळी एका मुलाच्या हाती एक बटण द्यायचे, आणि जो मातृभाषेत बोलेल त्याच्याकडे त्याने ते सरकवायचे. संध्याकाळी बटण ज्याच्याकडे, त्याच्यापासून मागे माग काढीत दिवसभराचे सारे चोर सापडत. मुलांनी मुलांवर पाळत ठेवायची! आपल्याकडच्या काही नव्या शाळांत मराठी बोलल्याबद्दल दंड घेतात असे ऐकतो, तेव्हा मला ते बटण आठवते.

न्गुगींनी इंग्रजीत कादंबऱ्या लिहून नाव कमावले. पण ज्यांच्यावर लिहिले त्यांना त्या वाचता येईनात. मग 1977 साली ते आपल्या कामिरीथू गावच्या शेतकऱ्या-कामकऱ्यांबरोबर गिकुयूतून नाटक करायला बसले. उघड्यावरचे नाट्यगृह गावकऱ्यांनीच उभारले. तालमीला बसलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्या प्राध्यापकाची भाषा दुरुस्त करीत : "छे, म्हातारा माणूस असं बोलत नाही!" नाटकाला दुरून दुरून माणसे लोटली. सरकारने परवानगी काढून घेतली आणि वर्षाच्या अखेरच्या दिवशी न्गुगींना अटक झाली. वर्षभराच्या त्या कैदेत त्यांनी संडासच्या कागदावर गिकुयूत कादंबरी लिहिली. ती 1980 साली छापून आली. मग काय झाले असेल? घरोघर एकाने वाचायची आणि बाकीच्यांनी ऐकायची, जशी चातुर्मासात आपल्याकडे पोथी लावतात. दारूच्या गुत्त्यातही वाचन चाले. पेला रिकामा झाला, की वाचणारा नेमका रंगाच्या जागी थांबे, आणि कुणीतरी तो भरीपर्यंत पुढे वाचत नसे.

न्गुगी इंग्रजीचे वैरी नव्हते. ती कादंबरी त्यांनी स्वतःच इंग्रजीत नेली. नायजेरियाच्या चिनुआ अचेबे यांना न्गुगींचे हे म्हणणे पटले नव्हते. इंग्रजीलाच वाकवून आफ्रिकेचे बोलणे बोलायला लावता येते, असे अचेबे म्हणत. दोघेही मोठे. माझा कौल न्गुगींकडे, कारण मी मराठीत विचार करतो.

उद्योजकांपैकी मो इब्राहिम यांचे एकट्याचे सांगतो. 1946 साली सुदानमध्ये जन्मलेला हा इंजिनियर. आफ्रिकेत मोबाईल टेलिफोन चालणार नाही, तिथे धोका फार, असे मोठमोठ्या कंपन्या म्हणत. कर्ज मिळणे मुश्कील. हे गृहस्थ म्हणाले, गावाकडच्या आईशी बोलायला माणसाला कित्येक दिवसांचा प्रवास करावा लागतो, मग गिऱ्हाईक नाही कसे? 1998 साली त्यांनी सेलटेल कंपनी काढली. रस्ता नाही, वीज नाही, तरी मनोऱ्याशेजारी जनित्र ठेवून काम सुरू केले. लाच द्यायची नाही असा दंडक घातला. 2005 साली कंपनी 340 कोटी डॉलरना विकली गेली. आणि पुढचे ऐका : हाच व्यवसाय 2010 साली आपल्या एअरटेलने विकत घेतला. ज्या कंपनीच्या मनोऱ्यावरून तुमचा फोन लागतो, तीच तिकडच्या कितीतरी देशांत फोन लावून देते.

इब्राहिम यांचे आफ्रिकेबद्दलचे मत रोखठोक आहे. जमीन आहे, खनिजे आहेत, तरुण माणसे आहेत. खोट आहे ती कारभारात. जो राष्ट्रप्रमुख नीट राज्य करून, मुदत संपताच निमूटपणे खुर्ची सोडील, त्याच्यासाठी त्यांनी 50 लाख डॉलरचे बक्षीस ठेवले. 2007 साली ते पहिल्यांदा मोझांबिकच्या जोआकिम चिस्सानो यांना मिळाले. नंतर कित्येक वर्षी पात्र माणूस सापडला नाही, तेव्हा बक्षीस दिलेच नाही. आपल्या भूमीवर माया असलेला माणूसच असे वागू शकतो. परका असता तर त्याने नुसती कीव केली असती.

शाळांच्या सहली वेरूळला जातात. आमच्या सुलतानपूरची गाडीही सिंदखेडराजा, जालना करीत त्याच वाटेने जाते. शिक्षकांना माझी एक विनंती आहे. जाताना खुलताबादला अर्धा तास थांबा. मलिक अंबराची कबर तिथे आहे. डबे तिथेच सोडायला सांगा, आणि भाकर खाता खाता मुलांना त्या चापूची गोष्ट सांगा.