पिकपचे पाटे आणि क्रेटचा हिशेब

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कार्यक्रमपत्रिकेवर 'पिकपचे पाटे' हा विषय वाचून सकाळी दोघातिघांनी विचारले, की भाव, वीज, कर्ज हे सोडून संघटनेने गॅरेज कधीपासून उघडले? प्रश्न रास्त आहे. पण टोमॅटोच्या, द्राक्षाच्या, फुलांच्या गावात आज गल्लीगल्लीत पिकप उभी आहे. तिचा हप्ता शेतातून जातो. डिझेल शेतातून जाते. आणि शेतातला माल बाजारापर्यंत धड पोचतो की नाही, हे त्या गाडीच्या खाली काय बसवले आहे यावर बरेचसे ठरते. मग तो विषय आपला नाही तर कोणाचा?

नवी पिकप दारात येते, नारळ फुटतो, आणि आठ दिवसांत ती पाटेवाल्याच्या दारात जाते. तिथे दोन प्रकारचे मालक भेटतात. एक म्हणतो, दोन पाटे वाढवून द्या, माल जास्त बसला पाहिजे. दुसरा वयाने लहान असतो. त्याने फोनवर उंच केलेल्या गाड्यांची चित्रे पाहिलेली असतात. त्याला गाडी दोन इंच उचलणारा, खडकातून नेणारा संच हवा असतो. दोघेही आम्हाला विचारतात, कोणता संच चांगला? आम्ही शेतकी पदवी घेतलेली माणसे, त्यामुळे आम्हाला हा प्रश्न ओळखीचा वाटतो. माती न तपासता 'कोणते खत चांगले' असे विचारण्यासारखा तो आहे. गाडीतून काय नेता, किती नेता, कोणत्या रस्त्याने नेता आणि परत येताना रिकामे येता का, हे आधी सांगा. उत्तर त्यातून निघते, दुकानाच्या पाटीवरून निघत नाही.

थोडे यंत्राचे सांगतो. पिकपच्या मागच्या बाजूला पोलादी पाट्यांचा जुडगा असतो. तो वजन पेलतो. त्याच्या शेजारी शॉकप असतो. तो वजन पेलत नाही, पाटा एकदा दबून उसळला की त्याचे झोके थांबवणे एवढेच त्याचे काम. ही दोन कामे वेगळी आहेत, हे डोक्यात पक्के ठेवा. गाडी मागून बसते म्हणून कोणी महागडे शॉकप विकत असेल तर तो तुम्हाला फसवतो आहे. आणि गाडी उसळते म्हणून कोणी पाटे वाढवून देत असेल तर तो रोग वाढवतो आहे.

पाट्याचा कडकपणा कसा वाढतो? रुंदी, लांबी, पोलाद तेच ठेवून पाच पाट्यांत तसाच सहावा घातला, तर जुडगा सुमारे वीस टक्के कडक होतो. इथपर्यंत सरळ हिशेब आहे. पण पाट्याची जाडी वाढवली तर कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. आठ मिलिमीटरच्या जागी दहा मिलिमीटरचा पाटा म्हणजे जवळजवळ दुप्पट कडक. मिस्त्री म्हणतो, 'एकच घातला, पण दणकट घातला.' तो एक नाही, दोन घातले. शिवाय सगळे पाटे एकत्र वाकतात. जाड पाटा पातळ पाट्याइतकाच वाकवला तर त्याच्यावर ताण जास्त येतो आणि तोच आधी तुटतो. मग मालक म्हणतो, पोलाद खराब निघाले.

आता क्रेटकडे या. नारायणगाव असो की पिंपळगाव बसवंत, टोमॅटोचा क्रेट वीस किलोचा. पाटा वजनाने चांगला दबलेला असला तर गाडी सावकाश झुलते. मालासह सगळे वजन आल्यावर पाटा नऊ सेंटिमीटर दबत असेल तर सेकंदाला सुमारे पावणेदोन झोके. चारच सेंटिमीटर दबला तर अडीच. एकच सेंटिमीटर दबला तर पाच, म्हणजे झोका राहिलाच नाही, हादरा झाला. खड्ड्यातला धक्का पाट्याने गिळायचा, तो क्रेटला गिळावा लागतो. थप्पीत खालच्या क्रेटपेक्षा वरचा जास्त उडतो, आणि पुढच्या भागापेक्षा मागच्या चाकापलीकडे ठेवलेला जास्त उडतो. क्रेट तळापासून सुटून पुन्हा आपटतो, फळ फळावर घासते. टोमॅटो वरून लाल दिसतो, आतून पाणी झालेला असतो. द्राक्षाचे देठ ढिले होतात, मणी गळतात. केळीवर घासल्याचे काळे डाग दुसऱ्या दिवशी उमटतात. आणि बाजारात व्यापारी नेमका वरचा क्रेट उचलून बघतो!

जुनी माणसे सांगतील, टांग्याला कमान होती, बैलगाडीला नव्हती. माणूस बसायचा तिथे पाटे, शेतमाल बसायचा तिथे नुसता आस. बैलाच्या चालीला ते चालून गेले. साठच्या वेगाला चालत नाही.

तर मग करायचे काय? ज्याची गाडी जाताना भरलेली आणि येताना रिकामी, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांची, त्याला दोन टप्प्यांची रचना सोयीची. मुख्य पाटे आहेत तसेच ठेवायचे आणि हेल्पर पाटा असा बसवायचा की रिकाम्या गाडीत तो टेकत नाही, वजन आल्यावरच कामाला लागतो. अनेक पिकपला कारखान्यातूनच अशी सोय असते. आधी खाली वाकून बघा, मग खर्च करा. दुसरा मार्ग हवेच्या फुग्यांचा. भरल्यावर हवा भरायची, रिकामी झाल्यावर सोडायची. माल नाजूक, रस्ता डांबरी आणि चालक काळजीवाहू असेल तर उत्तम. पण रबर आहे, दगड लागला, धुळीने घासले, तर मध्येच बसते, आणि हवा दोन्ही बाजूंना सारखी नसेल तर गाडी कलते. आमचे मत विचाराल तर ज्याच्याकडे चालक रोज बदलतो त्याने या वाटेला जाऊ नये.

शॉकपवर मात्र पैसे घाला. महागडी टायरे बदलणारा माणूस शॉकप तेल गाळतो आहे ते वर्षभर बघत नाही. गाडीचा मागचा कोपरा जोराने दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबली तर ठीक, डुलत राहिली तर शॉकप संपला. लांबच्या खराब रस्त्यावर शॉकपमधले तेल तापते, त्यात फेस होतो आणि तो काम करायचे सोडतो. गॅस दाबाने भरलेल्या शॉकपमध्ये हा फेस कमी होतो, म्हणून अशा रस्त्याला तो घ्यावा. नवे पाटे घातलेत तर शॉकप त्यांना जुळणारा हवा, एवढे बघा.

आता उंच करणाऱ्या संचाचे. हे संच वाईट नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या कंपन्यांचे नाव यात मोठे आहे, कारण तिथे शेकडो किलोमीटर कच्च्या रस्त्याने सामान घेऊन जाणारी माणसे आहेत. पेठ-सुरगाण्याच्या बाजूला ज्याला रोज ओढ्यातून गाडी काढायची आहे, ज्याची चासी दगडाला घासते, त्याला याचा उपयोग आहे. चार चाकांना जोर देणारी गाडी असेल तर आणखी आहे. पण विकणारा एक गोष्ट सांगत नाही. पाटे उंच केल्याने चासी वर जाते. मागच्या अॅक्सलचा मधला गोळा, जो खडकाला सगळ्यात आधी लागतो, तो जागचा हलत नाही. तो टायरच्या उंचीवर अवलंबून. शिवाय गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो, वळणावर ती जास्त कलते, प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलून सांधे लवकर झिजतात, दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात. आणि प्रत्येक क्रेट दोन इंच जास्त उचलावा लागतो. तो कोण उचलतो, हे मायबहिणींना सांगायला नको. भरल्या टोमॅटोने कसारा घाट उतरायचा असेल त्याने हा संच घेऊ नये, असे आम्ही स्पष्ट सांगतो.

मुख्य मुद्दा आता येतो. पाटे वाढवल्याने गाडीची ताकद वाढते हा समज खोटा आहे. वाढते ती फक्त उंची आणि कडकपणा. अॅक्सल तोच, बेअरिंग तेच, टायर तेच, ब्रेक तेच. उलट एक वेगळाच धोका तयार होतो. अनेक पिकपला मागच्या अॅक्सलजवळ एक व्हॉल्व असतो. चासी आणि अॅक्सल यांतले अंतर कमी झाले की गाडी भरलेली आहे असे तो समजतो आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. कडक पाटे घातले की भरलेली गाडीही खाली बसत नाही. व्हॉल्वला वाटते गाडी रिकामी आहे. म्हणजे दुप्पट माल, आणि मागचा ब्रेक रिकाम्या गाडीचा! पाटे बदललेत तर हा व्हॉल्व पुन्हा जुळवून घ्या, आणि ते ज्याला येते त्याच्याकडूनच घ्या. आणि अशा गाडीत क्रेटच्या वर मजूर बायाबापड्या बसवून आणणे आता थांबले पाहिजे. कायद्याने मनाई आहे म्हणून नव्हे, त्या आपल्या घरातल्या आहेत म्हणून.

कायद्याचेही ऐकून ठेवा. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. क्षमतेपेक्षा जास्त माल नेल्यास वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार असा दंड कायद्यात आहे. त्याच कायद्याचे कलम ५२ सांगते की नोंदणीत लिहिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच कडकपणे सांगितले, आणि बेकायदा बदलाला प्रत्येकी पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद दुरुस्तीत आली. झिजलेल्या पाट्याच्या जागी तसाच पाटा घालणे वेगळे आणि गाडीचा आकार बदलणे वेगळे. अपघात झाला की विमावाला पहिले बोट याच फरकावर ठेवतो.

हे सगळे माहीत असून शेतकरी जास्त माल का भरतो? हाव म्हणून? हिशेब मांडू. समजा पिकपची क्षमता १७०० किलो आहे. रिकाम्या क्रेटसह बावीस किलो धरले तर बसतात सत्त्याहत्तर क्रेट. समजा फेरीला खर्च तीन हजार. क्रेटमागे एकोणचाळीस रुपये पडले. तीच गाडी एकशेचाळीस क्रेट घेऊन गेली तर पडतात साडेएकवीस. क्रेटला तीनशे रुपये भाव असेल तर हा लोभ करू नका. एकशेचाळीस क्रेटवर बचत होते साधारण चोवीसशे, आणि मार लागलेला माल बघून व्यापाऱ्याने क्रेटमागे वीस रुपये जरी कमी केले तरी अठ्ठावीसशे जातात. पण क्रेटला साठ रुपये भाव असेल तर? एकोणचाळीस गाडीला, वर तोडणी, हमाली, तोलाई. उलटी पट्टी हातात. मग तो माणूस जास्त भरतो. भाव पडतो तसा पाट्यांचा जुडगा जाड होत जातो. रस्त्यावर पिकप उलटली की दुसऱ्या दिवशी छापून येते, 'चालकाचा ताबा सुटला.' भावाचा ताबा कोणी सोडला ते छापून येत नाही.

पाणंद रस्त्यांचेही तेच. २०२१ साली राज्य सरकारने मातोश्रींच्या नावाने शेत-पाणंद रस्त्यांची योजना काढली. तुमच्या गावात त्यातला किती रस्ता मुरूम पडून, दबून तयार झाला ते ग्रामपंचायतीत विचारा, आणि कागद मागा. शेतापासून डांबरी रस्त्यापर्यंतचा तो एक किलोमीटर नीट झाला तर निम्म्या गाड्यांना संच बदलावाच लागणार नाही. सरकारने रस्ता करायचा नाही आणि शेतकऱ्याने त्याची भरपाई पोलादाने करायची, असा हा व्यवहार आहे. भाव पडलेल्या हंगामात पिकपमध्ये दुप्पट भरण्यापेक्षा तिघाचौघांनी मिळून मोठा टेम्पो करावा. क्रेटमागे खर्च उतरतो आणि घाटात ब्रेकही लागतो. हे जमत नाही म्हणतात. कांद्यासाठी १९८० साली नाशिक जिल्ह्यात हजारो माणसे एका रस्त्यावर बसली. तिघांना एका टेम्पोत माल टाकता येणार नाही का?

थोडे कामाचे सांगून थांबतो. पाटा तुटला तर वेल्डिंग करू नका. पोलादाचे पाणी उतरते आणि तो जोडाशेजारीच पुन्हा तुटतो. जुन्या पाट्याला ठोकून कमान चढवली तर ती काही दिवसांची, हे समजून चढवा. दोन्ही बाजूंचे पाटे एकदमच करा. यू बोल्ट जुने वापरू नका, नवे घाला आणि चार-पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घ्या. ढिल्या बोल्टने सेंटर बोल्ट कापला जातो आणि अॅक्सल तिरका होतो. शॅकलचे बुश बघा. कित्येकदा 'पाटे गेले' म्हणून आलेल्या गाडीचे बुशच गेलेले असतात, आणि काम थोडक्यात भागते.

जेवणानंतर ज्यांनी गाड्या आणल्या आहेत त्यांनी आर.सी. पुस्तक घेऊन मैदानामागच्या वजनकाट्यावर यावे. आधी पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाके काट्यावर, अशी दोन वजने घेऊ. पुस्तकातल्या भरलेल्या वजनातून रिकामे वजन वजा केले की तुमचा आकडा मिळतो; चालक आणि त्याच्या शेजारचा माणूसही त्यातच धरायचा. ज्यांनी पाटे वाढवले आहेत त्यांनी मूळ किती होते ते आठवून या. मिस्त्री तिथे थांबलेले आहेत, ते खाली शिरून बघतील.