शिकारीला निघण्यापूर्वीचा कागद

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)



मी मूळचा अमरावतीचा. गेली चोवीस वर्षे अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यात सिॲटल शहराजवळ राहतो आणि संगणकाची नोकरी करतो. सध्या सुट्टीत घरी आलो आहे. आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. माझ्या आईच्याही पडल्या होत्या. विषय आहे अस्वलाच्या शिकारीचा. खरे म्हणजे शिकारीपेक्षा तिच्या तयारीचा.

आधी एक खुलासा. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा गुन्हा आहे आणि तो तसाच असायला हवा. आपले अस्वल संकटात आहे. उत्तर अमेरिकेतले काळे अस्वल मात्र लाखोंच्या संख्येने आहे. तिथे त्याची शिकार परवाना घेऊन, ठरलेल्या हंगामात, ठरलेल्या नियमांनी करता येते. त्या परवान्यांच्या पैशांवर आणि १९३७ च्या एका कायद्याने वन्यजीवांसाठी राखून ठेवलेल्या बंदुका-काडतुसांवरील करावर तिथल्या राज्यांची वन्यजीव खाती बऱ्याच अंशी चालतात. हे पटावे असा माझा आग्रह नाही. ही माहिती एवढ्यासाठी, की पुढचे बोलणे समजावे.

माझे शेजारी निवृत्त सुतार आहेत, वय सत्तरीच्या पुढे. दर हिवाळ्यात ते आम्हाला हरणाचे मांस आणून देत. एकदा मी त्यांना म्हणालो, ‘तुम्ही मारता आणि मी नुसता खातो, हे काही बरे दिसत नाही.’ ते हसले आणि म्हणाले, ‘मग शिकून घे.’ तिथे नव्या शिकाऱ्याला सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. माझ्या वर्गात निम्मी मुले दहा-बारा वर्षांची होती आणि त्यांच्या बाकावर मी, पन्नाशीला टेकलेला. बंदुकीचे तोंड कुठे असावे, कुंपण ओलांडताना ती कशी ठेवावी, आणि गोळी केव्हा झाडू नये, हेच तिथे पुन्हा पुन्हा शिकवतात. दोन वर्षे मी शेजाऱ्यांबरोबर हरणाच्या मागे हिंडलो. मग त्यांनी वसंतातल्या अस्वलाचा विषय काढला.

आता अडचण अशी, की आमच्या राज्यात वसंतातली अस्वलाची शिकारच उरलेली नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथल्या वन्यजीव आयोगाने पाच विरुद्ध चार मतांनी ती बंद केली. विरोधकांचे म्हणणे होते, की वसंतात नुकतीच जन्मलेली पिल्ले आईच्या मागे असतात. आई मारली गेली तर ती जगत नाहीत. हे म्हणणे मला खोटे वाटले नाही, आजही वाटत नाही. कोलोरॅडो राज्यात तर १९९२ मध्येच लोकांनी मतदान करून ही शिकार थांबवली. शेजारच्या आयडाहो राज्यात आणि मोंटानात मात्र ती चालू आहे. म्हणून आम्ही मोंटाना निवडले. म्हणजे मी परराज्यातला पाहुणा झालो.

पाहुण्याला परवान्याचे पैसे स्थानिक माणसाच्या कितीतरी पट मोजावे लागतात, आणि त्याआधी मोंटाना त्याची एक परीक्षा घेते. अस्वले ओळखण्याची. कारण त्या डोंगरांत दोन जातींची अस्वले आहेत. काळे अस्वल मारता येते. ग्रिझ्ली मारणे हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. आपल्याला वाटेल, काळे ते काळे, त्यात ओळखायचे काय? गंमत अशी, की काळे अस्वल काळेच असेल असे नाही. ते दालचिनीच्या रंगाचे, तपकिरी, अगदी भुऱ्या केसांचेही असते. रंगावर विसंबलात की फसलात. ग्रिझ्लीच्या खांद्यावर मांसल उंचवटा असतो, चेहऱ्याची रेघ मधे खोलगट असते, कान आखूड आणि नख्या लांब. काळ्या अस्वलाचे नाक-कपाळ जवळजवळ सरळ रेषेत, कान उठून दिसणारे. मी संगणकावर ती परीक्षा दिली आणि पहिल्या खेपेला नापास झालो. तेव्हा चूक चित्रातल्या अस्वलाबाबत झाली होती, हे माझे नशीब.

दुसरा प्रश्न होता, कधी जायचे? मोंटानाचा हंगाम १५ एप्रिलला सुरू होतो आणि विभागानुसार मे-अखेरपर्यंत किंवा जूनच्या मध्यापर्यंत चालतो. हिवाळाभर गुहेत झोपलेल्या अस्वलांपैकी नर आधी बाहेर पडतात. नवी पिल्ले असलेल्या माद्या सगळ्यांत शेवटी. ही पिल्ले जानेवारी-फेब्रुवारीत, आई अर्धवट झोपेत असताना जन्मतात आणि जन्मतः जेमतेम पाव किलोची असतात. म्हणजे नराच्याच मागे जायचे तर लवकर जावे. पण एप्रिलमध्ये वरचे रस्ते बर्फाने बंद असतात, आणि मे संपत आला की पिल्लेवाल्या माद्याही उतारांवर चरू लागतात. स्थानिक माणसाला याची चिंता नाही. तो संध्याकाळी कामावरून येतो, डोंगराकडे बघतो, हवा बरी असेल तर निघतो. मला मात्र फेब्रुवारीतच साहेबांकडून रजा मंजूर करून घ्यायची होती. आम्ही मे महिन्याच्या मध्याचे नऊ दिवस धरले.

तिसरा प्रश्न होता, कुठे? सिॲटलहून मिसूला गावापर्यंत साडेसातशे किलोमीटरहून थोडे अधिक अंतर आहे. त्या बाजूचे पुष्कळसे जंगल सरकारी, कोणालाही खुले. पण खुले म्हणजे सोपे नव्हे. हिवाळाभर मी नकाशे घेऊन बसलो. गुहेतून बाहेर पडलेल्या अस्वलाला आधी हवे असते कोवळे गवत. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारांवर बर्फ आधी वितळते, तिथे ते आधी उगवते. लाकूडतोडीचे जुने रस्ते वापरातून गेले, की माती धरून ठेवायला त्यांवर गवत आणि क्लोव्हर पेरतात. क्लोव्हर म्हणजे आपल्या लसूणघासाच्या नात्यातला चारा. अस्वलाला ते पंचपक्वान्नच. अशा कित्येक रस्त्यांवर लोखंडी फाटक असते. ते गाडीला बंद, पायी माणसाला उघडे. त्या फाटकांवर मी नकाशात लाल खुणा केल्या.

चौथा प्रश्न सगळ्यांत कमी लोक विचारतात. अस्वल पडलेच, तर पुढे काय? फाटकापासून पाच किलोमीटर आत, रात्रीच्या अंधारात, शंभर किलोचा प्राणी सोलून, तुकडे करून दोघांच्या पाठीवरून आणायचा. मे महिन्याच्या उबेत मांस लवकर खराब होते, म्हणून बर्फाच्या पेट्या गाडीत तयार हव्यात. ४८ तासांच्या आत खात्याला कळवायचे. मिसूला भागात तर दहा दिवसांच्या आत कातडे आणि कवटी अधिकाऱ्यांना दाखवायची. ते एक लहान दात काढून घेतात. झाडाच्या बुंध्यासारखी दातातही वर्षांची वलये असतात, त्यांवरून वय कळते.

आणि खाणे. अस्वलाच्या मांसात एक सूक्ष्म जंत असू शकतो. थंड प्रदेशातली त्याची एक जात गोठवूनही मरत नाही. मांस आतपर्यंत ७१ अंश सेल्सियसला शिजलेच पाहिजे. २०२२ मध्ये साउथ डकोटा राज्यात एका कुटुंबाने दीड महिना गोठवलेले अस्वलाचे मांस भाजून खाल्ले, ते आत कच्चे राहिले होते. सहा जण आजारी पडले. त्यांतल्या दोघांनी मांस खाल्लेच नव्हते, त्याच्याबरोबर भाजलेल्या भाज्या तेवढ्या खाल्ल्या होत्या. ही बातमी मी आईला सांगितली, आणि ती चूक झाली.

आई फोनवर म्हणाली, ‘अरे, तुझ्या मामाने तुला काय काय सांगितलं, विसरलास का?’ माझे मामा वनखात्यात होते, मेळघाटात. उन्हाळ्याच्या तोंडाशी पहाटे मोहफुले वेचायला गेलेल्या बायकांना तिथे अस्वल आडवे येते, कारण तेही त्याच फुलांसाठी आलेले असते. मामांनी एकदा पिल्ले पाठीवर घेऊन नाला ओलांडणारी अस्वली पाहिली होती. सगळ्या भाच्यांना ती गोष्ट पाठ होती. आई म्हणाली, ‘पाठीवर पिल्लं असली तर दिसतात तरी. तिकडच्यांचं काय?’

तिकडची अस्वली पिल्ले पाठीवर घेत नाही. धोका वाटला की त्यांना झाडावर चढवते. कधी पिल्ले वर ठेवून स्वतः खाली चरत राहते. दुरून बघणाऱ्याला अस्वल एकटे दिसते. पिल्लू बरोबर असलेली मादी मारणे मोंटानात बेकायदा आहे, पण झाडावरचे पिल्लू बघणाऱ्याला दिसले पाहिजे ना! आईने शिकारीचे एकही पुस्तक वाचलेले नाही, आणि नेमके तिने वर्मावर बोट ठेवले होते.

त्या रात्री मी एक कागद घेतला. शेजारी म्हणतात, की डोंगरात सर्वांत वाईट चुका होतात त्या पाहुण्यांच्या हातून, आणि शेवटच्या दिवशी. पैसे भरलेले, रजा संपत आलेली, घरी सगळ्यांना सांगितलेले. अशा वेळी माणसाचे डोळे त्याला हवे तेच दाखवतात. म्हणून नियम घरी, टेबलाशी बसून, पोट भरलेले असताना लिहावेत. मी तीन लिहिले. एक, रंग सोडून दोन खुणा पटल्याशिवाय ते काळे अस्वल समजायचे नाही. दोन, एकटे दिसणारे अस्वल तिवईवरच्या मोठ्या दुर्बिणीतून सलग अर्धा तास पाहायचे, त्याच्यापेक्षा आजूबाजूची झाडे जास्त. तीन, दोनशे यार्डांपलीकडे गोळी नाही. खाली मी सही केली, शेजाऱ्यांनीही केली.

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही गेलो. पहिले दोन दिवस पावसात गेले. तिसऱ्या दिवशी एक ग्रिझ्ली दिसले, खांद्यावरचा उंचवटा पुस्तकात दाखवतात तसा. आम्ही अस्वलांसाठीचा तिखट फवारा हातात धरून आल्या वाटेने परत फिरलो. पाचव्या दिवशी एक मादी आणि तिची दोन पिल्ले दिसली. बाकी रिकामे उतार आणि दुखणारे गुडघे.

नववी संध्याकाळ. तिथे मेच्या मध्यात सूर्य रात्री नऊच्या सुमाराला मावळतो, आणि कायद्याने त्यानंतर अर्ध्या तासापर्यंतच शिकार करता येते. नऊ वाजून सात मिनिटांनी क्लोव्हरच्या रस्त्यावर एक अस्वल बाहेर आले. अंतर मोजले, एकशे चाळीस यार्ड. तपकिरी रंग, सरळ नाक, उठून दिसणारे कान, खांदा सपाट. काळेच अस्वल. एकटे. नर की मादी, सांगता येत नव्हते. रस्त्याच्या वर देवदारासारखी दाट झाडे, आणि त्यांत काळोख भरत चाललेला.

मी घड्याळ पाहिले. अर्धा तास पुरा होण्यापूर्वीच कायद्याची वेळ संपणार होती. मनात लगेच हिशेब सुरू झाला. अर्धा तास कशाला, वीस मिनिटेही पुरे. नियम आपणच केला, आपणच बदलू. खरे सांगतो, तो हिशेब मला अगदी वाजवी वाटत होता. शेजारी बाजूला पालथे पडून दुर्बिणीतून झाडे बघत होते. त्यांनी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. परवाना माझा होता.

मी बंदुकीतले काडतूस काढून खिशात टाकले. ते असेपर्यंत हिशेब थांबणार नव्हता. मग आम्ही अंधार होईपर्यंत अस्वल बघत राहिलो. ते गाईसारखे चरत होते. झाडांतून कोणी खाली उतरले नाही. एकदा त्याने मान वर करून वरच्या झाडांकडे पाहिले. त्याचा अर्थ काहीही असेल, कदाचित काहीच नसेल. तिथे पिल्ले होती की नव्हती, ते मला कधीच कळणार नाही.

घरी आल्यावर आईला फोन केला. सगळे ऐकून तिने विचारले, ‘मग एवढे पैसे वाया गेले म्हण ना?’ शिकारीला विरोध करणाऱ्या आईने असे विचारावे, याचे मला हसू आले. आणि एका परीने ते खरेही होते.

येत्या हंगामाची तयारी मी सुरू केली आहे. सलग नऊ दिवसांची रजा घेणार नाही. तीन-तीन दिवसांच्या तीन फेऱ्या करणार आहे. पेट्रोल जास्त जाईल, पण प्रत्येक शेवटच्या संध्याकाळी ‘पुढच्या खेपेला’ असे म्हणता येईल, निदान पहिल्या दोन वेळा तरी. कागद तोच आहे. त्यात चौथी ओळ घातली आहे, की सूर्य मावळल्यावर दिसलेले अस्वल फक्त बघायचे. शेजाऱ्यांनी त्यावर सही केली आहे. या सुट्टीत मी तो आईलाही वाचून दाखवला. तिने चष्मा लावून तो पुन्हा स्वतः वाचला आणि काही न बोलता माझ्या बॅगेत ठेवून दिला.