मलमपट्टी आपली



माझा परिचय करून देताना सर म्हणाले, 'केवळ स्वबळावर पुढे आलेले सर्जन'. पाहुण्यांच्या परिचयात हे वाक्य असतंच. शाल-श्रीफळाबरोबर तेही मंडपवाल्याकडूनच भाड्याने येत असावं. मला खरं तर 'यशाची गुरुकिल्ली' या विषयावर बोलायला बोलावलं आहे, पण ते बाजूला ठेवतो आणि या 'स्वबळा'बद्दलच बोलतो. कारण आमच्या धंद्यात हा शब्द फार धोक्याचा आहे.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना कधी ना कधी टाके पडले असतील. लोकांना वाटतं, डॉक्टरांनी टाके घातले म्हणून जखम बरी झाली. टाके काय करतात? फाटलेल्या कातडीच्या दोन कडा जवळ धरून ठेवतात, एवढंच. त्यानंतर रक्त गोठतं, पेशी येऊन आतली घाण साफ करतात, नवे तंतू विणले जातात, कातडी दोन्ही बाजूंनी सरकत येऊन मिळते. यातलं एकही काम मी करत नाही. चेहऱ्यावरचे टाके पाचेक दिवसांत काढतो, पायावरचे दहा-चौदा दिवसांनी. तेवढे दिवस मी फक्त वाट बघतो. आणि शवविच्छेदनानंतर मृतदेहाला तेच टाके, त्याच दोऱ्याने, कितीही नीट घाला, कडा कधीच जुळून येत नाहीत. हात तोच, दोरा तोच, कसबही तेच. जो बरं करणारा होता, तो मात्र आता तिथे नसतो. त्याला तुम्ही काय नाव द्यायचं ते द्या. मी देव म्हणतो.

हे शहाणपण माझं नव्हे. सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये आंब्रोआज पारे नावाचा एक शल्यवैद्य होऊन गेला. जन्म 1510च्या सुमाराचा, मृत्यू 1590चा. त्या काळी युरोपात शस्त्रक्रिया हे न्हाव्याचं काम होतं. लॅटिन शिकलेले वैद्य लांबून सल्ला देत, आणि गळू फोडणं, हाड बसवणं, अवयव कापणं हे सगळं वस्तरा चालवणारे करत. पारे त्यांतलाच. त्याला लॅटिन येत नव्हतं. पुढे त्याने आपले ग्रंथ सरळ लोकांच्या फ्रेंच भाषेत लिहिले आणि पॅरिसच्या वैद्यकपीठाला ते अजिबात रुचलं नाही. ज्ञानोबांच्या महाराष्ट्राला या तक्रारीची वेगळी ओळख करून द्यायला नको.

1537च्या आसपास हा पंचविशीतला तरुण फ्रेंच फौजेबरोबर इटलीच्या मोहिमेवर गेला. बंदुकीच्या गोळीची जखम त्याने तोवर पाहिलीही नव्हती. पुस्तकात लिहिलं होतं की बारुदीची जखम विषारी असते, तिच्यात उकळतं तेल ओतायचं. इतर सर्जन तेच करत होते, म्हणून यानेही केलं. जखमी इतके आले की तेल संपलं. मग नाइलाजाने त्याने अंड्याचा बलक, गुलाबाचं तेल आणि टर्पेंटाइन कालवून एक मलम केलं आणि उरलेल्यांच्या जखमांना ते लावलं. रात्री त्याला झोप लागेना. ज्यांना तेल मिळालं नाही ते विष भिनून सकाळपर्यंत मरणार, हीच धास्ती. उजाडायच्या आत उठून तो तंबूतंबूतून फिरला. मलमवाले शांत झोपले होते, जखमेला सूज नाही, वेदना कमी. तेलवाले तापाने फणफणत होते, जखमेभोवती सुजलेले, कळवळणारे. त्या दिवशी त्याने ठरवलं, पुन्हा माणसाला असं भाजायचं नाही. 1545मध्ये त्याने हे सगळं पुस्तकात मांडलं.

याच मोहिमेत पायाच्या सांध्यात गोळी लागलेला एक कप्तान त्याच्या हाताखाली बरा झाला. त्याबद्दल लिहिताना पारेने सांगितलं की मलमपट्टी मी केली, बरं देवाने केलं. पुढे हे त्याचं आयुष्यभराचं ब्रीदच झालं. तो चार फ्रेंच राजांचा सर्जन झाला, तरी हे वाक्य त्याने सोडलं नाही. लाव्हाल या गावी त्याचा पुतळा आहे, त्यावरही तेच कोरलं आहे.

आता मला खरं काय सांगायचंय ते इथे आहे. आपल्याला वाटतं, असं बोलणं म्हणजे थोरांचा विनय, सत्काराला उत्तर देताना बोलायची रीत. मला तसं वाटत नाही. 'बरं मी करतो' असं मानणारा माणूस त्या पहाटे उठून तंबूत गेलाच नसता. गेला असता तरी तेलवाल्यांचा ताप पाहून म्हणाला असता, विषच जास्त होतं, तेल कमी पडलं. आपल्या हाताचा गुण आपणच राखायचा म्हटलं की आपली चूक दिसेनाशी होते. पारेला काही राखायचं नव्हतं. बरं करणारा दुसरा होता, याचं काम त्याच्या आड न येणं एवढंच. म्हणून त्याला दिसलं.

आणि जो देवापुढे हात पसरतो, त्याला माणसांपुढे हात पसरायची लाज वाटत नाही, हेही याच गृहस्थाच्या चरित्रात दिसतं. सेनापतीच्या स्वयंपाकघरातला एक पोऱ्या उकळत्या तेलाच्या कढईत पडला. पारे औषध आणायला गेला, तर तिथे एक खेडवळ म्हातारी त्याला म्हणाली, कच्चा कांदा मीठ घालून ठेच आणि लाव. राजदरबाराच्या वाटेवर असलेल्या सर्जनने म्हातारीचं ऐकलं. गुण आलासा वाटला. पण तेवढ्यावर तो थांबला नाही. पुढे बारूद उडून तोंड भाजलेला एक सैनिक आला, तेव्हा त्याने अर्ध्या चेहऱ्यावर कांदा लावला आणि अर्ध्यावर नेहमीचं औषध, आणि पाहत बसला. प्रयोग कसा करावा हे शिकवणारे तुमचे विज्ञानाचे प्राध्यापक इथे बसले आहेत. त्यांनी जवळजवळ पाचशे वर्षांपूर्वीच्या या न्हाव्याला मनोमन नमस्कार करायला हरकत नाही. (घरी जाऊन कुणी भाजल्यावर कांदा लावू नका. वाहत्या थंड पाण्याखाली धरा आणि दवाखान्यात या.)

आपल्याकडे सेना न्हाव्याची कथा आहे. सेनामहाराज पूजेत रमले होते, राजाचं बोलावणं आलं, तेव्हा विठ्ठल स्वतः त्यांचं रूप घेऊन, धोकटी काखेला मारून राजाची हजामत करायला गेला. कीर्तनकार यातला चमत्कार रंगवतात. मला त्यातली धोकटी महत्त्वाची वाटते. देव मदतीला आला तो सुदर्शन घेऊन नव्हे, सेनाच्या रोजच्या हत्यारांची पिशवी घेऊन. जनाबाईकडे आला तोही जात्याच्या खुंट्यालाच हात लावायला. या कथा रचणाऱ्यांना नीट ठाऊक होतं की देवाची मदत कामाच्या ऐवजी येत नसते, कामात येते. 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' ही म्हणही त्याच मातीतली, आळशाला चिमटा काढण्यासाठी केलेली. पारेच्या बोलण्यातही मलमपट्टी आधी आहे, देव नंतर.

तुमच्यात देव न मानणारे असतील. असू द्या, या वयात प्रश्न पडलेच पाहिजेत. त्यांच्यासाठी दुसरं उदाहरण देतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2008मध्ये शस्त्रक्रियेसाठी 19 मुद्द्यांची एक यादी आणली. चीर देण्याआधी सगळ्यांनी थांबायचं. रुग्णाचं नाव काय, कुठल्या बाजूचं ऑपरेशन, ॲलर्जी आहे का, अँटिबायोटिक दिलं का, हे मोठ्याने विचारायचं. खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. पोट बंद करण्याआधी सुया आणि रक्त टिपायचे मॉप मोजायचे. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत हे करून पाहिलं, तेव्हा शंभरामागे दीड असलेलं मृत्यूचं प्रमाण 0.8वर आलं. नवं यंत्र नाही, नवं औषध नाही. इतकंच झालं की सर्जनने सगळ्यांसमोर कबूल केलं, मी विसरू शकतो, मला सांभाळा. काही ज्येष्ठांना हा अपमान वाटला. 'आम्हाला डावा-उजवा कळत नाही का?' कळतो हो. तरीही जगभर चुकीच्या बाजूला चिरा पडल्या आहेत.

आमच्या थिएटरबाहेर गणपतीची तसबीर आहे. दसऱ्याला कात्र्या-चिमट्यांवर झेंडूची फुलं पडतात, मग सगळं पुन्हा निर्जंतुक करावं लागतं आणि सिस्टर कुरकुरतात. हात धुताना कोपरापर्यंत पाणी वाहत असतं, त्या काही मिनिटांत आमच्यातला कुणी बिस्मिल्ला म्हणतो, कुणी मनातल्या मनात क्रूस काढतो, मी हात वर धरून उभा असतो. मुलं मला विचारतात, सर, त्या वेळी देवाकडे काय मागता? ऑपरेशन यशस्वी होऊ दे, असं मागत नाही. जे मला दिसत नाहीये ते वेळेवर दाखव, आणि ते दुसऱ्या कुणाला दिसलं तर त्याला बोलायचं धैर्य दे, एवढं मागतो. हे दुसरं मागणं पुष्कळदा सगळ्यांत नवख्या सिस्टरच्या तोंडून पुरं होतं. 'सर, एक मॉप कमी भरतोय.' अशा वेळी वाद घालायचा नसतो, पुन्हा मोजायचं असतं.

प्राचार्यांनी दुसऱ्यांदा घड्याळाकडे पाहिलं आहे आणि मागच्या रांगेत फिशपाँडच्या चिठ्ठ्यांचा डबा फिरायला लागला आहे. बक्षिसांची यादी लांब आहे. आधी कबड्डीच्या मुली येऊ देत, त्या मघापासून बूट घालून उभ्या आहेत.