बालमन जाणून घेताना : एका प्रशिक्षणार्थी विद्यार्थिनीचे अनुभव

(सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित परिसंवादात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी माझ्यासारख्या विद्यार्थिनीला बोलण्याची संधी दिली, याबद्दल विश्वस्त मंडळाची मी मनःपूर्वक ऋणी आहे. आपल्या वाशिम जिल्ह्याला बालशिक्षणाची मोठी परंपरा आहे. कारंजा येथे १९१८ साली श्री महावीर ब्रह्मचर्याश्रमाची स्थापना झाली आणि घरापासून दूर राहून शिकणाऱ्या मुलांना संस्कार व विद्या यांचा आधार मिळाला. मुलांच्या बुद्धीची आणि चारित्र्याची काळजी आपण शंभर वर्षांहून अधिक काळ वाहत आलो आहोत. आज मी मुलांच्या मनाविषयी बोलणार आहे.

वैद्यकीय व मनोविकार समाजकार्य हा माझा अभ्यासविषय. शिक्षणक्रमाचा भाग म्हणून विदर्भातील एका रुग्णालयाच्या बाल व किशोर मानसोपचार विभागात मी काही महिने प्रशिक्षणार्थी होते. तेथे पाहिलेल्या मुलांविषयी बोलताना त्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. ही केवळ सौजन्याची गोष्ट नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे.

प्रथम हा विभाग कसा चालतो ते सांगते. रुग्णालय म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सुई आणि सलाईन येते. येथे मात्र एका खोलीत खेळणी, रंगखडू आणि ठोकळे मांडलेले असतात. लहान मूल आपले दुःख शब्दांत सांगू शकत नाही, ते खेळातून सांगते. मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, समाजकार्यकर्ता, परिचारिका आणि गरजेनुसार वाचा-उपचारतज्ज्ञ असे सर्वजण मिळून एका मुलाचा विचार करतात. आईवडिलांशी वेगळे बोलणे होते, मुलाशी वेगळे होते आणि शाळेकडूनही माहिती मागवली जाते. गर्भारपणापासूनची हकीकत विचारली जाते. मूल चालू कधी लागले, बोलू कधी लागले, घरात कोण कोण आहे, झोप कशी आहे, ही सारी नोंद करण्याचे काम आम्हा प्रशिक्षणार्थींकडे असे. पहिल्या भेटीला सहज दीड तास लागतो. औषध प्रत्येकाला दिले जात नाही. अनेक मुलांना समुपदेशन, पालकांना मार्गदर्शन आणि शाळेतील थोडासा बदल एवढेच पुरते.

ही पद्धत आपल्या राज्याला नवी नाही. मुंबईत आज टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून जी संस्था ओळखली जाते, तिने १९३७ साली बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले आणि ते देशातील पहिले मानले जाते. म्हणजे स्वातंत्र्यापूर्वीच या राज्यात मुलांच्या मनाचा शास्त्रीय विचार सुरू झाला होता. तो खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचण्यास मात्र फार विलंब लागला.

आता तीन मुलांविषयी सांगते.

पहिला नऊ वर्षांचा मुलगा. बोलण्यात चतुर, हिशेबात तरबेज, वडिलांच्या दुकानात गिऱ्हाइकाला सुटे पैसे अचूक देणारा. परंतु वाचायला बसला की अक्षरे उलटसुलट होत. घरात त्याला आळशी ठरवले होते, शाळेत ‘ढ’ म्हणत आणि शिकवणीत मारही बसत असे. तपासणीअंती त्याची बुद्धी उत्तम असल्याचे आणि त्याला विशिष्ट अध्ययन अक्षमता असल्याचे निष्पन्न झाले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश आहे. शासनमान्य रुग्णालयाचे प्रमाणपत्र असल्यास अशा विद्यार्थ्याला मंडळाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. निदान ऐकल्यावर त्याच्या वडिलांनी एकच प्रश्न विचारला, “म्हणजे हा मुद्दाम करत नव्हता?” त्या प्रश्नानंतर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. घरी गेल्यावर मार थांबला आणि अर्धा उपचार तेथेच झाला.

दुसरी पंधरा वर्षांची मुलगी. तिच्याविषयी या सभागृहात बोलावे की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. तिने वर्षभरात एकामागून एक उपवास केले. घरात कौतुक झाले, शेजारीपाजारी अनुमोदना झाली. परंतु वजन सारखे उतरत गेले, मासिक धर्म थांबला, केस गळू लागले आणि एके दिवशी ती शाळेत चक्कर येऊन पडली. एकांतात बोलताना तिने सांगितले की वर्गातील मुली तिला जाडी म्हणून चिडवत आणि जेवण टाळण्यासाठी उपवास हेच असे कारण होते की ज्यावर कोणी रागावत नसे. तिचा आजार तपाच्या वस्त्राआड लपला होता.

तप वाईट, असे तेथील डॉक्टरांनी एकदाही म्हटले नाही आणि मीही म्हणत नाही. आपल्या परंपरेनेच षोडशकारण भावनांमध्ये ‘शक्तितस्तप’ सांगितले आहे. तप आपल्या शक्तीनुसार करावे, हा त्याचा सरळ अर्थ. वाढत्या वयातील मुलीची शक्ती किती आहे, हे पाहणे वडीलधाऱ्यांचे काम आहे. मूल आनंदाने उपवास करते आणि पारण्यानंतर आनंदाने जेवते, तेथे चिंता नाही. परंतु जेवणाचे भय, आरशासमोर तासन्‌तास उभे राहणे, चोरून वजन पाहणे, पारणेही टाळणे ही लक्षणे दिसली तर ती आजाराची असू शकतात. तेव्हा अनुमोदनेपूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा, एवढीच माझी हात जोडून विनंती आहे.

तिसरा मुलगा अकरा वर्षांचा, शेतकरी कुटुंबातील. त्याच्या वडिलांनी कर्जापायी जीवन संपवले होते. आपल्या पश्चिम विदर्भाला हे दुःख नवे नाही. २०१५ साली राज्य शासनाने शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. त्याच्या चौदा जिल्ह्यांत आपला वाशिमही होता. परंतु कर्त्या पुरुषाच्या मृत्यूनंतर मागे राहिलेल्या मुलाचे काय होते, हे क्वचितच कोणी विचारते. हा मुलगा रडला नव्हता. लोक म्हणत, किती धीराचा आहे. तो रात्री झोपत नसे आणि आई शेतातून येईपर्यंत फाटकाशी उभा राहत असे. आई परत येणार नाही, हे भय त्याच्या मनात बसले होते. वडिलांविषयी घरात कोणी शब्दही काढत नव्हते. समुपदेशनात प्रथमच आई आणि मुलगा वडिलांविषयी बोलले व दोघेही रडले. तो हळूहळू झोपू लागला.

या तीन मुलांवरून एक गोष्ट माझ्या मनावर ठसली. मुलाचा त्रास आपल्याला दिसतो, परंतु आपण त्याला दुसरेच नाव देतो. पहिल्याच्या त्रासाला आळस म्हटले, दुसरीच्या त्रासाला तप आणि तिसऱ्याच्या त्रासाला धीर. नाव चुकले की उपायही चुकतो.

असे किती मुलांचे होत असेल? बंगळुरू येथील निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात १३ ते १७ वयोगटात मानसिक विकारांचे प्रमाण ७.३ टक्के आढळले. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, तरीही शंभर मुलांमागे सात हे प्रमाण आपण विसरता कामा नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढपणी दिसणाऱ्या मनोविकारांपैकी निम्म्यांचा आरंभ चौदाव्या वर्षापर्यंत होतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली आणि त्यांत सर्वाधिक संख्या आपल्या महाराष्ट्राची होती.

मग पालक का येत नाहीत? आले तरी उशिरा का येतात? विभागात मला याचे उत्तर पुन्हा पुन्हा ऐकू आले. “लोक काय म्हणतील? पुढे मुलीचे लग्न कसे जमेल?” आपला समाज लहान आहे. कारंजा, मंगरूळपीर, रिसोड, मालेगाव, सगळीकडे आपली सोयरीक आहे. एका घरची गोष्ट दुसऱ्या घरी संध्याकाळपर्यंत पोहोचते. म्हणून माणसे जवळचा डॉक्टर सोडून लांबच्या शहरात जातात आणि गावात सांगतात, पोटाच्या तपासणीला गेलो होतो. ज्या सोयरिकीने संकटात धावून यायचे, तिचीच भीती वाटावी, याचा विचार आपण सर्वांनी केला पाहिजे. तोंडातून निघालेला शब्दही हिंसा करू शकतो, हे आपल्याला नव्याने शिकवण्याची गरज नाही. ‘वेडा’ हा असाच एक शब्द आहे.

काही गैरसमजही दूर झाले पाहिजेत. मनोविकाराच्या सर्व औषधांचे व्यसन लागते, हे खरे नाही. परंतु ती तज्ज्ञाच्या सल्ल्यानेच घ्यावीत आणि सल्ल्यानेच थांबवावीत. आत्महत्येचा विचार मनात येतो का, असे विचारल्याने तो विचार मुलाच्या मनात रुजतो, हेही खरे नाही. प्रेमाने विचारल्यास मूल मोकळे होते. मुलाने असे काही बोलून दाखवले, तर ते नाटक समजू नये. त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी मदत घ्यावी. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र शासनाने ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर ती रात्रंदिवस, विनामूल्य आणि मराठीतही मिळते. संकटातील बालकांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. वाशिम येथे २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या आपल्या जिल्ह्यासाठी ही आशेची गोष्ट आहे.

आता विश्वस्त मंडळापुढे नम्रपणे चार सूचना ठेवते.

पहिली, न्यासाच्या भवनात महिन्यातून एक दिवस बाल व किशोर समुपदेशनाची सोय करावी. ती सर्वसाधारण आरोग्य तपासणीच्या दिवशीच ठेवावी, म्हणजे कोण कशासाठी आले हे कोणाला कळणार नाही. दुसरी, समाजाच्या वसतिगृहांतील गृहपालांना अशी लक्षणे ओळखण्याचे प्रशिक्षण द्यावे. घरापासून दूर असलेल्या मुलाची झोप आणि भूक बदलली, हे प्रथम त्यांनाच दिसते. तिसरी, दहावी-बारावीच्या गुणगौरव सोहळ्यात टक्केवारीबरोबरच खेळ, सेवा, कला यांचाही सन्मान व्हावा आणि अनुत्तीर्ण झालेल्या मुलाच्या घरी त्या आठवड्यात समाजातील कोणीतरी वडीलधारे आवर्जून जाऊन यावे. चौथी, १४४१६ हा क्रमांक न्यासाच्या सूचनाफलकावर कायमचा लिहावा.

कोणी म्हणेल, अशा दिवशी येणार कोण? कदाचित पहिल्या महिन्यात कोणीही येणार नाही. दुसऱ्या महिन्यात एखादी आई लांबून पाहून परत जाईल. परंतु दार नियमाने उघडे राहिले, तर तिसऱ्या महिन्यात ती आत येईल. विभागात मी असेच होताना पाहिले आहे.

पन्नास वर्षांत न्यासाने मंदिर सांभाळले, धर्मशाळा बांधली, विद्यार्थ्यांना पुस्तके आणि शिष्यवृत्ती दिली. हे सर्व ज्यांच्यासाठी केले, ती मुले मनानेही निरोगी राहावीत, हा पुढील पन्नास वर्षांचा संकल्प ठरावा, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेते. 

जय जिनेंद्र.